बंदुकीचा रंग आणि छद्मावरण

दडून बसलेल्या सैनिकाचा ठाव पुष्कळदा त्याच्या बंदुकीची चकाकीच शत्रूला देते. म्हणून १८०० साली ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या रायफल पथकाच्या बेकर रायफलींच्या नळ्या तपकिरी केलेल्या असत. नळीवर बेताने गंज चढवून तो घासला, की उन्हात न चमकणारा आणि पुढील गंजास अटकाव करणारा थर उरे.

परंतु चकाकी घालवल्याने बंदुकीची लांब, सरळ रेषा लपत नाही. गडद व फिक्या रंगांचे वेडेवाकडे पट्टे ती रेषा तोडतात. यालाच छद्मावरण म्हणतात. मात्र रानात लपविणारे हिरवे पट्टे बर्फात घात करतात. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात फिनलंडचे सैनिक पांढरे झगे घालत, ते याच कारणाने. तेव्हा रंग निवडावा तो भूमी व ऋतू पाहून. आवडीनिवडीला तेथे दुय्यम स्थान असते.