हिवताप, काढा आणि चौदा दिवसांच्या गोळ्या

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपली बरीचशी मंडळी दोहाहून मायदेशी जातात. मुंबई असो की कोकण, तिकडे पावसाचे दिवस! मुलांची चंगळ होते, आणि डासांचीही. कतारमध्ये हिवतापाची, म्हणजे मलेरियाची, स्थानिक लागण होत नाही. इथे सापडणारे रुग्ण बहुतेक भारतीय उपखंडातून किंवा आफ्रिकेतून आलेले असतात. थोडक्यात, हा पाहुणा लोणच्या-पापडांबरोबर आपणच घेऊन येतो.

"आमचं बालपण डासांतच गेलं, आम्हाला काय होतंय?" असं आपण म्हणतो खरं. पण हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती पुन्हा पुन्हा लागण होत राहिली तरच थोडीफार टिकते. परदेशी राहिलं की ती ओसरते. इथे वाढलेल्या आपल्या मुलांकडे तर ती नसतेच.

ताप आला की घरातली वडीलधारी माणसं काडेचिराईताचा किंवा सातविणीच्या सालीचा काढा सुचवतात. वनस्पतींवरचा हा विश्वास अगदीच निराधार नाही. सिंकोना झाडाच्या कडू सालीतून १८२० साली पेल्तिए आणि कावांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी क्विनीन वेगळं केलं. चीनमध्ये तू योयो यांनी जुन्या वैद्यकग्रंथात वाचलं की ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा. उकळण्याचा उल्लेखच नव्हता! उष्णतेने गुण नष्ट होत असावा हे ओळखून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला. त्यातूनच १९७२ साली आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. कडुनिंबातल्या द्रव्याने डासाच्या पोटात होणारी जंतूंची वाढ रोखता येते, असंही प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण त्याचं औषध अजून झालेलं नाही.

यातून घ्यायचं ते एवढंच, की वनस्पतीत गुण असला तरी काढ्यात तो किती उतरला हे सांगता येत नाही. अपुऱ्या मात्रेने ताप दबतो, जंतू मात्र उरतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनाही त्या चिनी वनस्पतीचा चहा हिवतापावर घेऊ नका, असं सांगते.

आपल्याकडे फार आढळणाऱ्या व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विनने रक्तातले जंतू मरतात, ताप उतरतो, आपण परत येतो. आणि काही महिन्यांनी दोहात ऐन थंडीत पुन्हा हुडहुडी भरते! हे झोपलेले जंतू मारायला प्रायमाक्विन लागतं, साधारणपणे १४ दिवस. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटलं की गोळ्या ड्रॉवरमध्ये जातात, आणि गफलत होते ती इथेच. उलटलेल्या तापात रक्तात जंतूंची नर-मादी रूपेही तयार होतात. अशा वेळी आपण गावी असलो आणि डास चावला, तर तो हाच आजार शेजारपाजारच्यांना देतो. फाल्सिपॅरम प्रकारात तर हा प्रसार थांबवण्यासाठीच मुख्य औषधाच्या जोडीला प्रायमाक्विनचा एक डोस देतात.

मात्र हे औषध मनाने घ्यायचं नाही. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. म्हणून आधी ती तपासणी करावी. गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या बाळांना ते देत नाहीत. २०१८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं टॅफेनोक्विन एकाच डोसात हे काम करतं. पण तपासणी त्यालाही हवीच.

तेव्हा मंडळी, तिकीट काढतानाच डॉक्टरांना प्रतिबंधक गोळ्यांबद्दल विचारून ठेवा. गावी मच्छरदाणी लावा, घरावरची पाण्याची टाकी झाकलेली आहे ना तेही बघा. परतल्यावर वर्षभरात कधीही थंडी वाजून ताप आला, तर "आम्ही भारतात जाऊन आलो" हे डॉक्टरांना आधी सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. आजीचा काढा प्रेमाने जरूर प्या, पण चौदाव्या दिवसाची गोळी चुकवू नका. सुट्टी सुखाची जावो!