सायकलचा कायदा कोणाच्या हाती?

राज्यघटनेची सातवी अनुसूची म्हणजे परीक्षेपुरती पाठ करावयाची एक रुक्ष यादी, असा आपणां विद्यार्थ्यांचा समज असतो. मला मात्र तीत एका नित्याच्या प्रश्नाचे उत्तर सापडले. मोटारीचा कायदा देशभर एक आणि सायकलचे नियम गावोगाव निराळे, असे का?

यंत्रशक्तीवर चालणारी वाहने समवर्ती सूचीत, ३५ व्या नोंदीत आहेत. त्यांच्यासाठी संसदेने १९८८ साली मोटार वाहन कायदा केला. उरलेली वाहने, म्हणजे बैलगाडी, टांगा, हातगाडी आणि आपली सायकल, ही राज्य सूचीच्या १३ व्या नोंदीत येतात. म्हणूनच साध्या सायकलला या कायद्याखाली ना परवाना लागतो, ना हेल्मेट. वडीलधाऱ्यांच्या आठवणीतला सायकलचा बिल्लाही नगरपालिकेचा असे, दिल्लीचा नव्हे.

मोटारींचा कायदा एक असला तरी त्याचा काच सर्वत्र सारखा नाही. जागीच भरून प्रकरण मिटवावयाच्या दंडाची रक्कम कलम २०० नुसार राज्य सरकार ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीने हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड ठेवला. त्याच वर्षी गुजरातने तो ५०० रुपयांवर आणला.

अमेरिकेत तर हा भेद राज्याच्या पोटातही आढळतो. तेथे वाहने उजवीकडून चालतात. न्यूयॉर्क राज्यात तांबडा दिवा असताही, थांबून, उजवीकडे वळता येते. न्यूयॉर्क शहरात मात्र तशी पाटी असल्याखेरीज ते चालत नाही. सायकलचे उदाहरण इडाहो राज्याचे. ‘थांबा’ अशी पाटी असलेल्या चौकात मोटारीने पूर्ण थांबलेच पाहिजे. सायकलस्वाराने वेग कमी करून, इतरांना वाट देऊन पुढे जावे, अशी मुभा तेथे १९८२ पासून आहे. थांबलेली सायकल पुन्हा चालू करावयास पायांचेच बळ खर्चावे लागते, हे ज्याने जाणले त्यालाच असा नियम सुचावा.

याउलट चित्र कलकत्त्याचे. तेथे २०१३ साली पोलिसांच्या आदेशाने शंभराहून अधिक रस्ते सायकलला बंद झाले. पुढे ही संख्या कमी करण्यात आली. कारण वाहतुकीच्या कोंडीचे दिले गेले. परंतु दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, कामावर जाणारा मजूर यांनी कोणत्या वाटेने जावे?

स्थानिक नियम वेगळे असावेत, यात मला काही गैर वाटत नाही. घाटाचा रस्ता आणि बाजारपेठेतली गल्ली यांना एकच माप लावून कसे चालेल? परंतु अधिकार जितका जवळच्या कचेरीत, तितका तो मूठभरांच्या सोयीने वापरला जाण्याचा धोकाही जवळ. इडाहोत त्या अधिकाराने सायकलस्वाराचे श्रम वाचवले, कलकत्त्यात त्याचा रस्ताच काढून घेतला. तेव्हा आपल्या गावात उद्या एखाद्या रस्त्यावर ‘सायकलींना मनाई’ अशी पाटी लागलीच, तर दिल्लीकडे बोट दाखवू नये. ती कोणाच्या सहीने लागली, हे आधी आपल्याच गावात विचारावे.