अर्ध्या ग्रॅमची मालगाडी

खताच्या पेटीतलं लाल गांडूळ भरतं जेमतेम अर्धा ग्रॅम. डोळे नाहीत, दात नाहीत. पण भूक बघा! ओलावा आणि सावली मनासारखी मिळाली की ते दिवसाला स्वतःच्या निम्म्या वजनाइतकं खातं. ६० किलोच्या माणसाने असं जेवायचं ठरवलं तर त्याला रोज ३० किलो अन्न लागेल. १०० ग्रॅमची एक भाकरी धरली तर ३०० भाकऱ्या. रोज! वर्षाचे होतात जवळजवळ ११ टन. एकट्या माणसासाठी दारात भरलेला ट्रक उभा!

आता पेटीत डोकावू. किलोभर गांडुळं आणली की सुमारे २,००० जीव घरात येतात. त्यांना लागतं काय? गॅलरीतला सावलीचा कोपरा, एक जाळीदार क्रेट, तळाला नारळाच्या शेंड्या, वर अर्धवट कुजलेला पाला आणि जुनं शेणखत. मग रोज भाजीची देठं, केळीची सालं, चहाचा चोथा बारीक करून टाकायचा. तेलकट, खारट आणि मांसमासळी मात्र पूर्ण वर्ज्य, लिंबाची सालंही शक्यतो नकोतच. ही मंडळी रोज अर्धा किलो ओला कचरा फस्त करतात, म्हणजे वर्षाला १८० किलोच्या वर. त्याचा तिसरा हिस्सा जरी खत म्हणून हाती आला तरी ६० किलो! २० रुपये किलोचा भाव धरला तर १,२०० रुपये, आणि तेही ज्याला आपण कचरा म्हणून डब्यात टाकत होतो त्याचे.

पण पैशांचा हिशोब मला फार छोटा वाटतो. खरी गंमत लांबीत आहे. एक गांडूळ सात सेंटिमीटरचं धरा आणि पेटीतली सगळी एकामागोमाग एक मांडा. रांग झाली १४० मीटरची, लोकलच्या साडेसहा डब्यांएवढी. एका क्रेटमधून! एखाद्या मोठ्या वसाहतीत १,१०० घरांनी अशी पेटी ठेवली तर? मुंबईला सुरू झालेली रांग थेट पुण्यात पोहोचेल. आणि राज्यातल्या १० लाख घरांनी ठेवली तर? २०० कोटी गांडुळं, भारताच्या लोकसंख्येहून कितीतरी जास्त. त्यांची रांग १,४०,००० किलोमीटर! पृथ्वीला साडेतीन वेढे!

आणि ही सगळी जेवणार. रोज ५०० टन ओला कचरा, म्हणजे दहा टनी ५० ट्रक. ५८ वाघिणींच्या मालगाडीत साधारण साडेतीन हजार टन माल मावतो. म्हणजे दर आठवड्याला कचऱ्याने भरलेली एक अख्खी मालगाडी या अर्ध्या ग्रॅमच्या जिवांच्या पोटात गडप! एकही वाघीण डम्पिंग ग्राउंडवर न जाता!

बरं, गांडुळं आहेत तेवढीच राहत नाहीत. सगळं जुळून आलं तर तीनेक महिन्यांत त्यांची संख्या दुप्पट होते. एका किलोचे वर्षात १६ किलो, दोन वर्षांत २५६, तीन वर्षांत ४,०९६. पाचव्या वर्षाअखेर १०,००,००० किलोच्या वर! सतरा वाघिणी गच्च भरतील, अठरावीही अर्धी. जागा आणि खाणं संपलं की ती वाढ आपोआप थांबते, म्हणून गॅलरी शाबूत राहते. जास्तीची गांडुळं शेजारच्यांना द्यावीत. त्याहून चांगली भेट मला तरी सुचत नाही.

गांडुळांचे असे आकडे चार्ल्स डार्विनलाही भुलवून गेले होते. गांडुळांवरचा पहिला निबंध त्याने १८३७ मध्ये वाचला आणि त्यांच्यावरचं पुस्तक काढलं १८८१ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी. ४४ वर्षं एकच ध्यास! त्याने एकरी ५३,७६७ गांडुळांचा हिशोब दिला आणि सांगितलं, की इंग्लंडच्या अनेक भागांत एकरी दहा टनांहून जास्त माती दरवर्षी त्यांच्या पोटातून जाते. आपल्याकडची २० फूट रुंद, ४० फूट खोल विहीर घ्या. त्या हिशोबाने ४० एकरांतली गांडुळं एका वर्षात ती काठोकाठ भरतील. फावडं नाही, जेसीबी नाही!

आता पेटीतलं काळं, चहापत्तीसारखं रवाळ खत मुठीत घ्या. चमचाभर सुपीक मातीत १० कोटी ते १०० कोटी जिवाणू असतात असं मानतात, आणि गांडुळाच्या पोटातून आलेल्या मातीत तर बहुतेकदा त्याहून जास्त. मुठीत धरा २० चमचे. खालचा आकडा घेतला तरी २०० कोटी, पुन्हा भारताहून मोठी वस्ती! वरचा घेतला तर २,००० कोटी, जगातल्या माणसांच्या दुपटीहून जास्त! ही झाली एका कुंडीची मूठ. गॅलरीत दहा कुंड्या असल्या, मोगरा, तुळस, कढीपत्ता, मिरची, काहीही, तर २०,००० कोटी. आपल्या आकाशगंगेत १०,००० ते ४०,००० कोटी तारे असावेत असा अंदाज आहे. तेवढे जीव आपण एका सकाळी, झारीभर पाणी संपायच्या आत, कुंड्यांमध्ये पसरून मोकळे होतो!