ॲनिमेतले डोळे एवढे मोठे का?

मी श्रीरामपूरहून बोलतोय. इअरफोन जवळ नसतील त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

आपल्याकडे वाढदिवसाच्या केकवर डोरेमॉन असतो, मोबाईलच्या कव्हरवर पिकाचू असतो आणि अकरावी-बारावीच्या वह्यांच्या मागच्या पानांवर मोठ्ठ्या डोळ्यांचे चेहरे असतात. घरचे म्हणतात, "कार्टून कसली काढत बसलायस?" पण हे चेहरे असेच का दिसतात? माझं म्हणणं आहे, की या शैलीला काटकसरीने घडवलंय. म्हणूनच ती आपल्या हाताशी आहे.

आधी गोंडसपणा बघू. जपानीत त्याला 'कावाई' म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी थोडी कीवही आहे, म्हणजे आपलं 'गोंडस' आणि 'बिचारं' एकत्र केल्यासारखं. 1943 मध्ये कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञाने मांडलं, की मोठं डोकं, मोठे डोळे, गुबगुबीत गाल दिसले की माणसाला जपावंसं वाटतं. आपली आजी बाळाला काजळ घालून डोळे टपोरे करते आणि मग दृष्ट लागू नये म्हणून तीट लावते. तिला लोरेन्झ वाचावा लागला नाही!

जपानमध्ये 1970 च्या दशकात शाळकरी मुली पेन पेन्सिलने गोल गोल अक्षरं काढायला लागल्या, मध्येच बदाम, चांदण्या. वाचायला त्रास होतो म्हणून काही शाळांनी त्यावर बंदी घातली. मुली थांबल्या नाहीत. मोठ्यांच्या शिस्तीत न बसणारं असं काहीतरी त्यांचं स्वतःचं होतं. मग बाजाराला वास लागला. 1974 मध्ये सानरिओ कंपनीची हॅलो किटी जन्मली. तिच्या चित्रात तोंडच नाही, त्यामुळे आपण आनंदात असलो की ती हसरी वाटते, उदास असलो की उदास.

हे झालं स्थिर चित्राचं. आता हलणाऱ्या चित्राकडे या.

सिनेमात सेकंदाला 24 फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढलं, तर 20 मिनिटांसाठी 28,800 चित्रं लागतात. 1 जानेवारी 1963 ला ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' मालिका जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला नवा भाग, पैसे कमी, माणसं कमी. त्यांनी एकच चित्र तीन-तीन फ्रेम ठेवलं. हिशोब करा, 28,800 ची 9,600 झाली. शिवाय जुनी चित्रं पुन्हा वापरली, शरीर स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले.

पण अंग हलत नसेल तर अभिनय कोण करणार? डोळे! तेझुकांच्या चित्रकथांत मोठे डोळे आधीपासूनच होते. डिस्नेची चित्रं आणि ते वाढले त्या ताकाराझुका गावातली फक्त स्त्रियांची नाटकं, दोन्हींचा तो प्रभाव. टीव्हीवर मात्र तेच डोळे भाव दाखवायच्या कामाला आले.

या काटकसरीची दुसरी बाजूही सांगतो. तेझुकांनी ती मालिका खर्चापेक्षा कमी भावात विकली आणि तूट खेळणी-वस्तूंच्या हक्कांतून भरली. कमी मोबदल्याची सवय या उद्योगाला तिथूनच लागली, असं अनेक जण मानतात. आजही तिथले नवखे चित्रकार दर चित्रामागे तुटपुंज्या पैशांवर राबतात. तेव्हा या क्षेत्रात जायचं असेल तर हात तयार करा, पण कामाचा दर विचारायला लाजू नका.

आणि सुरुवात करायला टोकियो लागत नाही. आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 1915 मध्ये काड्यापेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवून, एकेक फ्रेम टिपून 'आगकाड्यांची मौज' केली होती.

तर या आठवड्याचा गृहपाठ. मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवा, म्हणजे हलणार नाही. सेकंदाला 8 या हिशोबाने 5 सेकंदांसाठी 40 फोटो काढा. काड्या घ्या, शेंगदाणे घ्या, नाहीतर कागदावरचा एक चेहरा घ्या आणि त्याचे फक्त डोळे बदला. चाळीसावा फोटो झाला की घरच्यांना दाखवा.

भेटू पुढच्या भागात!