'रिसाइड' आणि आपलं 'सदन'

घाटकोपर-अंधेरी मेट्रोत कोणी विचारतं, "व्हेअर डू यू स्टे?", म्हणजे घर कुठे आहे. इंग्लंड-अमेरिकेत मात्र 'स्टे' म्हणजे सहसा चार दिवसांचा मुक्काम, कायमच्या घरासाठी साधं 'लिव्ह'. (स्कॉटलंडात 'स्टे' आपल्यासारखंच वापरतात!) 'रिसाइड'चा अर्थही राहणे, पण ते शोभतं करारात, प्रतिज्ञापत्रात. आपणही बोलताना 'राहतो' म्हणतो आणि अर्जावर 'वास्तव्यास आहे' किंवा 'रा. बोरिवली' लिहितो, तसंच.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट पुढे आहे. 'रिसाइड' आलंय लॅटिनमधल्या 'बसणे' या अर्थाच्या क्रियापदातून. त्याचं संस्कृत भावंड म्हणजे 'सद्' धातू, आणि त्यातूनच आलं 'सदन'! मुलुंडच्या एखाद्या जुन्या इमारतीवरचं 'सदन' आणि इंग्रजी 'रिसाइड' एकाच मुळाचे शब्द.

तुमच्या बिल्डिंगच्या नावात 'सदन' आहे का? नक्की सांगा.