आवाज बंद करून मारिओ खेळून बघा!

नगरकर गेमर मंडळी, तुम्ही सावेडीचे असा की माळीवाड्याचे, लहानपणी टीव्हीला जोडायच्या गेमवर मारिओ खेळला असाल तर ती धून अजून पाठ असणार. कोजी कोंडो यांचं हे १९८५ चं संगीत. वेळेचा आकडा १०० वर आला की इशारा वाजतो आणि तीच धून पळत सुटते. रस्ता तोच, मारिओची चालही तीच. घाई होते ती आपल्या अंगठ्याला, आणि आपण थेट खड्ड्यात! चांदणी मिळाल्यावरची धून मात्र उलट काम करते. ती ऐकू आली की बिनधास्त घुसायचं.

धून वेगवान करून घाई लावण्याची ही युक्ती मारिओहून जुनी आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये फक्त चार उतरते स्वर आहेत. शत्रू कमी होतात तशी उरलेल्यांची चाल वाढते, स्वरही जलद होतात आणि छातीत धडधडायला लागतं.

सिनेमाच्या संगीतकाराला प्रसंग किती सेकंदांचा ते ठाऊक असतं. गेममध्ये खेळाडू दारापाशी पाच मिनिटं नुसता उभा राहिला तर? म्हणून धून सतत फिरत राहायला हवी आणि तिचा वीटही येता कामा नये. माझ्या मते हे जास्त अवघड.

शेजारच्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) हा गेम जरूर खेळा. वातावरण आपल्या पुराणांचं, संगीतकार मात्र ग्रीसचे लिनोस त्झेलोस! हेडफोन लावूनच खेळा बरं का, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकण्याचं ते संगीत नाही.