मेळघाट कुठे संपतो?

मागच्या अंकाचे वाटप चालू असताना, रविवारच्या उपासनेनंतर, आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या सभासदांनी मला बाजूला बोलावले. म्हणाले, "ताई, तुमच्या अहवालात एकदा मेळघाट असतो, एकदा वऱ्हाड, एकदा पश्चिम विदर्भ आणि शेवटच्या पानावर अमरावती विभाग. आम्ही प्रार्थना नेमकी कुठल्या भागासाठी करायची?" मी म्हटले, "काका, सगळीच नावे बरोबर आहेत." त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. म्हणून हा लेख.

नदी, डोंगर, विहीर या गोष्टी जमिनीवर असतात. 'प्रदेश' तसा नसतो, तो माणूस ठरवतो. कशासाठी ठरवायचा त्यावर त्याची हद्द अवलंबून असते. भूगोलाचे अभ्यासक ढोबळमानाने तीन तऱ्हेचे प्रदेश मानतात, आणि तिन्ही आपल्या अमरावती-अकोल्यात सापडतात.

पहिली तऱ्हा म्हणजे एखादा गुण सगळीकडे सारखा असलेला प्रदेश. आपल्याकडचे उत्तम उदाहरण खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, शेगाव या बाजूंची माणसे त्याला चवीने ओळखतात. नकाशा करणारा मात्र गावोगावच्या विहिरींचे पाणी तपासतो, प्रत्येक विहिरीचा आकडा नकाशावर लिहितो आणि सारख्या आकड्यांमधून रेघ ओढतो. गंमत अशी की डोंगराच्या पायथ्याशी पाणी गोड असते आणि नदीकडे सरकाल तसे ते हळूहळू खारट होत जाते. कुठल्याही एका बांधावर खारेपणा सुरू होत नाही. किती क्षार झाले म्हणजे 'खारे' म्हणायचे, हे आधी माणूस ठरवतो आणि मग रेघ पडते. आकडा बदला, रेघ सरकते, आणि रेघेबरोबर काही गावे आत येतात, काही बाहेर जातात.

दुसरी तऱ्हा माणसांच्या ये-जा करण्यावरून ठरते. गावातील लोकांना विचारायचे : बाजाराला कुठे जाता, दवाखान्याला कुठे, मुलीला कॉलेजला कुठे पाठवता? प्रत्येक गावापासून त्या ठिकाणापर्यंत रेघ ओढली की एकेका शहराभोवती चांदणीसारखी आकृती तयार होते. चिखलदऱ्याकडची गावे घाट उतरून परतवाड्याला येतात. धारणीकडच्या बऱ्याच गावांचा ओढा मात्र मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरकडे आहे. जिल्ह्याचे ठिकाण अमरावती तिथून जवळजवळ दीडशे किलोमीटर पडते, त्यात घाटाचा रस्ता. अकोला-खंडवा मीटरगेज गाडी मेळघाटातून जात होती, तेव्हा वाटेतल्या गावांना अकोट-अकोला जवळ होते. 2017 च्या सुरुवातीला ती बंद झाली. डोंगर होता तिथेच आहे, पण त्या गावांचा प्रदेश बदलला. नव्या गावात काम सुरू करताना मी आधी बायकांना विचारते, "रात्री लेकरू तापाने फणफणलं तर कुठे नेता?" कागदावरच्या नकाशापेक्षा मला त्या उत्तराचा जास्त उपयोग होतो.

तिसरा प्रदेश लोकांच्या मनात असतो. वऱ्हाड तसे आहे. अकबराच्या काळात तो सुभा झाला. 1853 मध्ये निजामाने त्याचा कारभार इंग्रजांकडे सोपवला, 1903 मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. तोवर त्यात एलिचपूर, वाशीम आणि वणी धरून सहा जिल्हे होते, 1905 मध्ये त्यांचे चार केले. 1956 मध्ये हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. आज सरकारी कारभारात त्याचे नाव अमरावती विभाग आहे, तरी माणूस स्वतःला वऱ्हाडीच म्हणवतो. जुने लोक याच वऱ्हाडाचे पुन्हा तीन भाग करीत : पूर्णेचे सपाट खोरे म्हणजे पयानघाट, दक्षिणेकडचे पठार म्हणजे बालाघाट, आणि उत्तरेचा सातपुड्याचा डोंगर म्हणजे मेळघाट. चिखलदरा 1,100 मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथे अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट पाऊस पडतो. भाषाही वेगळी. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, तिच्या बहिणी संथाळी आणि मुंडारी दूर झारखंडकडे बोलल्या जातात. माझ्या ओळखीतला एकही कोरकू माणूस स्वतःला वऱ्हाडी म्हणवत नाही. आपण मात्र त्यांना आपल्या वऱ्हाडात सहज धरतो.

या तिन्हींखेरीज आणखी एक रेघ असते, कायद्याची. यहोशवाच्या पुस्तकाचा 18 वा अध्याय आपण सगळ्यांनी वाचला आहे. उरलेल्या वतनाची वाटणी करण्याआधी देश फिरून, नगरांप्रमाणे त्याचे सात भाग करून पुस्तकात लिहून आणायला माणसे पाठवली गेली. ती प्रत्येक वंशातून तीन होती, म्हणजे ज्यांना तिथे राहायचे होते त्यांच्यातलीच. मेळघाटाच्या बाबतीत तसे कधी झाले नाही.

1935 च्या कायद्याखाली मेळघाट तालुका 'अंशतः वगळलेले क्षेत्र' ठरला. स्वातंत्र्यानंतर अनुसूचित जमातींची यादी झाली, तेव्हा आपल्या भागात ती जमातीपुरती नव्हती, तालुक्यालाही बांधलेली होती. विदर्भात मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी आणि यवतमाळ एवढ्या तालुक्यांतच ती लागू होती. याचा अर्थ काय होतो ते पाहा. मेळघाटातले कोरकू कुटुंब आदिवासी. तेच कुटुंब मजुरीसाठी घाट उतरून परतवाड्याला, म्हणजे अचलपूर तालुक्यात स्थायिक झाले, की कागदावर आदिवासी नाही. भाषा तीच, देव तेच, गरिबी तीच, सोयरीकही वरच्याच गावांत. 1976 च्या कायद्याने ही तालुक्याची अट काढली आणि जुलै 1977 पासून तो अमलात आला. त्याआधीच्या वीसेक वर्षांत ज्यांची मुले शिष्यवृत्तीच्या वयाची होऊन गेली, त्यांना तो उशिराच मिळाला.

मग प्रश्न सुटला का? अर्धा. जमातीची यादी वेगळी आणि 'अनुसूचित क्षेत्र' वेगळे, आणि आपल्या वाचकांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. अनुसूचित क्षेत्र ठरवताना चार गोष्टी पाहतात : आदिवासींची संख्या मोठी असावी, भाग सलग आणि पुरेसा मोठा असावा, जिल्हा किंवा तालुक्यासारखा कारभाराला जमेल असा असावा, आणि शेजारच्या भागापेक्षा मागासलेला असावा. 'सलग' हा शब्द लक्षात ठेवा. 2 डिसेंबर 1985 च्या आदेशाप्रमाणे अमरावती जिल्ह्यातले फक्त धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके अनुसूचित क्षेत्र आहेत. अकोला जिल्ह्यात एकही गाव नाही. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपज, भूसंपादनाआधीचा सल्ला, दारूबंदी यांबाबत जे अधिकार दिले, ते या क्षेत्राच्या आतच चालतात. विखुरलेल्या आदिवासी वस्त्यांसाठी 'माडा' आणि 'मिनी माडा' अशी छोटी क्षेत्रे केली आहेत. माडासाठी दहा हजार आणि मिनी माडासाठी पाच हजार लोकसंख्येचा सलग गट लागतो, आणि त्यात निम्म्याहून अधिक आदिवासी असावे लागतात. मात्र तिथे योजना मिळतात, पेसा लागू होत नाही.

आता व्याघ्र प्रकल्पातून उठवलेल्या गावांचा विचार करा. मेळघाट व्याघ्र प्रकल्प 1974 चा. बोरी, कोहा, कुंड ही गावे 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खाली अकोट तालुक्यात वसवली गेली, पुढे आणखीही आली. जमातीचा दाखला त्यांच्याबरोबर आला. अनुसूचित क्षेत्र मात्र वरच राहिले, कारण ते जमिनीला लागलेले असते, माणसाला नव्हे. अशाच एका पुनर्वसित वस्तीतील आजोबा मला म्हणाले, "गाव खाली आलं, आम्ही वरचेच." भूगोलाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चूक नाही. त्यांचा मनातला प्रदेश मेळघाटच आहे, बाजार अकोटचा आहे आणि कायद्याची रेघ या दोहोंच्या मधून गेली आहे.

रेघ फार मोठी ओढली तरीही माणसे हरवतात. 1984 च्या दांडेकर समितीने राज्याच्या सरासरीशी तुलना करून जिल्ह्याजिल्ह्यांचा अनुशेष काढला. ते काम मोलाचे होते आणि विदर्भाची बाजू त्यामुळे आकड्यांत मांडता आली. पण जिल्हा हे एकक धरले की वरूड-मोर्शीच्या संत्रा बागा आणि धारणीची पाडे एकाच सरासरीत जातात. संत्र्याने सरासरी वर जाते आणि पाड्यावरची चूल त्यात दिसत नाही.

काकांना मी आता असे उत्तर दिले आहे : प्रार्थना गावाच्या नावाने करा. या अंकापासून अहवालात प्रत्येक कामापुढे गाव, तालुका आणि ते अनुसूचित क्षेत्रात आहे की नाही, एवढे छापतो आहोत. पान 7 वर पाहा. अकोट आणि तेल्हाऱ्याच्या सगळ्या गावांपुढे 'नाही' असे लिहिलेले दिसेल, ती छपाईची चूक नव्हे.